बाईसाहेबांची कात

बाळ्या : …म्हणून सांगतो, त्या बरणीला हात लावू नकोस. आणि पंखाही नको.

आक्का : पंखा नको, खिडकी नको, मोठ्याने बोलायचं नाही. श्वास तरी घेऊ का, की त्याचीही परवानगी काढू?

बाळ्या : घे, पण तोंड तिकडे करून घे. ती झाकणाच्या जाळीला उलटी लटकलीय. परवापासून माशीला तोंड लावलेलं नाही. आज कात टाकणार ती. कातीतून निघाली की अंग ओलं, मऊ असतं. अशात धक्का लागून खाली पडली तर वाकडी होते. वाकडी झाली की संपली.

आक्का : लटकलीय हे तुला दिसलं?

बाळ्या : मला बरणी दिसते. बरणीत वरच्या बाजूला हिरवं काहीतरी दिसतं. पुढचं मला माहीत आहे.

आक्का : सगळ्या गावाच्या नाकावर चष्मे बसवलेस आणि स्वतःवर ही वेळ यावी.

बाळ्या : डोळ्याच्या मागे रक्त उतरलं की त्याला चष्मा नसतो. साखरेची कृपा. ते राहू दे. बरणीवरचा दिवा चालू आहे ना?

आक्का : आहे बाबा, आहे. बाईसाहेबांना दिवा, बाईसाहेबांना गुबगुबीत माश्या. आणि तिकडे पाण्याच्या पिंपामागे गार फरशीवर आमचे जावईबापू! बघवत नाही रे त्या बरणीकडे. नुसती काडी झालीय. जावयाला उपाशी ठेवणारं हे पहिलंच घर असेल.

बाळ्या : उपाशी नाही, बेताने. उद्या मिळेल त्याला एक माशी.

आक्का : एक! वा, काय मेजवानी. लहानपणी हा किडा कुंपणावर दिसला की आपण वाट विचारायचो, आठवतं? तो हात जोडून बसलेला असायचा आणि तू म्हणायचास, बुवा बुवा, घर कुठे? मग तो ज्या बाजूला हात करील तिकडे तू धावत सुटायचास. एकदा थेट विटांच्या भट्टीपर्यंत गेलास. मी तुला शोधून आणलं आणि मार मीच खाल्ला.

बाळ्या : मला भट्टी आठवते. मार नाही आठवत.

आक्का : तो मला बसला ना, तुला कसा आठवेल?

नर्सबाई : आक्का, दार उघडंच आहे. येऊ ना?

आक्का : या नर्सबाई, या. पंखा मात्र मागू नका. आज आमच्याकडे बाळंतपण असल्यासारखं आहे.

नर्सबाई : काका, पाय स्टुलावर. असा. जिना चढवत नाही म्हणून खाट इथे दुकानात टाकलीत ते बरं झालं. काउंटरवर सामान मांडता येतं. हे चष्म्यांचे खण मात्र आता काढून टाका, आक्का. रिकाम्या फ्रेमा सगळ्या माझ्याकडे बघत असतात.

आक्का : तो काढू देत नाही.

नर्सबाई : काका काय, काहीच काढू देत नाहीत. ना फ्रेमा, ना अंगठा. बघू. हं. वास येतोय.

बाळ्या : माश्यांच्या डब्याचा असेल. गळ विकणाऱ्याकडून अळ्या आणतो आम्ही. त्यांच्या माश्या होतात.

नर्सबाई : माश्यांचा नाही काका. तुमचाच. आक्का, जरा इकडे या. काल लाली जिथे संपत होती तिथे मी पेनाने रेघ मारली होती. आज लाली कुठे आहे?

आक्का : रेघेच्या वर गेलीय.

नर्सबाई : किती?

आक्का : चार बोटं तरी. घोट्याच्या वर.

नर्सबाई : काका, आता मी दाबलं. कळलं?

बाळ्या : काय दाबलं?

नर्सबाई : हेच. दुखत नाही म्हणून तुम्ही शूर. दुखलं असतं तर स्वतःच्या पायाने धावत आला असतात. डॉक्टर सरांनी आधी नुसता अंगठा म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, थांबा. मग सर म्हणाले अर्धं पाऊल. तुम्ही पुन्हा म्हणालात, थांबा. आता ते काय म्हणतील मला माहीत आहे, पण मी बोलत नाही. बेड धरून ठेवलाय. आज चला.

बाळ्या : आज नाही.

नर्सबाई : मग कधी?

बाळ्या : ही आज कात टाकेल. मग आणखी एक कात, तिच्यात पंख येतील. मग दोन-तीन आठवडे अंग पक्कं व्हायला. मग जोडी लावायची. जोडी लागली की न्या मला. कुठूनही कापा.

नर्सबाई : काका, मी दिवसाला पंधरा घरं फिरते. लोक काय काय कारणं सांगतात. मुलगी येणार आहे, मुहूर्त नाही, भीती वाटते. पण किड्याचं लग्न लागायचंय, हे आजच ऐकलं.

आक्का : हसू नका हो. म्हणजे हसा. पण त्याच्या बायकोचे किडे आहेत ते. शाळेत मास्तरीण होती ती, मुलांना झाडं-प्राणी शिकवायची. मी तिला मास्तरीणच म्हणायची, समोर सुद्धा. पहिल्याच वर्षी शाळेच्या कुंपणावरून एक काडी घेऊन आली घरी. काडीवर वाळलेल्या फेसासारखा गोळा. म्हणाली, वन्सं, यात प्रार्थनाकीटकाची शंभर पिल्लं आहेत. मी म्हटलं, बाई गं, ही काडी आधी बाहेर टाक.

बाळ्या : तिने टाकली नाही. त्यातलीच एक जोडी वाढवली. त्या जोडीच्या अंड्यांतून दुसऱ्या वर्षीची. अशी दर वर्षी. एक वर्ष चुकवलं नाही तिने. मी फक्त बरण्यांच्या काचा पुसायचो. गेल्या वर्षी ती गेली तेव्हा शेवटची काडी तिच्या खिडकीत होती. ती गेल्यावर गोळा फुटला. मुंगीएवढी पिल्लं सगळ्या खिडकीभर.

नर्सबाई : आणि त्या शंभरांतली ही दोनच उरली?

बाळ्या : एकमेकांना खातात. काही कातीत अडकून मरतात. सातआठ राहिली होती. त्यांतली ही अंगाने जाड दिसली, म्हणून मादी. जोडीला एक नर ठेवला. बाकीचे बारके, ते सगळे नर. ते कुंपणावर सोडले.

आक्का : आणि त्याच आठवड्यात डासांचा धूर फवारणारे येऊन गेले. कुंपणाखाली मुंग्यासुद्धा मरून पडल्या होत्या.

बाळ्या : म्हणून म्हणतो, ही दोनच आहेत. ही गेली की तिचं सगळं गेलं.

नर्सबाई : बरं. पण काका, एकाला दिवा आणि एकाला पिंपामागे का टाकलंय? जरा पाय धरा, आता मी आतलं धुते.

बाळ्या : धुवा. नर लवकर मोठा होतो. मादीपेक्षा एक कात कमी टाकतो आणि पंख फुटून मोकळा. मादी अंगाने मोठी, तिला एक कात जास्त, वेळ जास्त. एकाच दिवशी जन्मलेली दोघं सारखी वाढवली तर तो आधी वयात येतो, आणि ती तयार होईपर्यंत म्हातारा होऊन मरतो. म्हणून त्याला अडवायचं. गार जागा, कमी खाणं. तिला ऊब, भरपूर खाणं. म्हणजे दोघं बरोबर पोचतात.

नर्सबाई : म्हणजे बाई पोटभर जेवणार आणि बुवा वाट बघणार. ही पद्धत आमच्या घरी लावायला पाहिजे.

आक्का : आमच्या घरी उलटी होती. याच्यात आणि माझ्यात एका वर्षाचं अंतर. दुधावरची साय याला, खालचं दूध मला. अंडं याला, आणि मला, तू मुलगी आहेस, तुला उष्ण पडेल. पुढे हा माझ्यापेक्षा वीतभर उंच झाला, तर आई शेजारणीला सांगायची, मुलगा मुळातच हाडापेराने मोठा हो, आणि ही पोरगी जन्मतःच किरकोळ.

बाळ्या : तुला अजून ती साय आठवते?

आक्का : साय नाही आठवत. कधी खाल्लीच नाही तर चव कुठली आठवणार? भांडं आठवतं. तू खाल्ल्यावर ते घासायला माझ्याकडे यायचं.

नर्सबाई : पण नर कोण, मादी कोण, हे ओळखायचं कसं? मला तर दोन्ही काड्याच दिसतात.

बाळ्या : पोटाखाली आडव्या पट्ट्या असतात. मादीला सहा, शेवटची रुंद, वाटीसारखी. नराला आठ, शेवटच्या अगदी बारीक. शिवाय नराच्या मिशा जाड, पोट सडपातळ. वयात आल्यावर त्याचे पंख पोटाच्याही पुढे जातात. तिचे नाही जात.

नर्सबाई : आणि हिच्या पट्ट्या तुम्ही मोजल्यात?

बाळ्या : पहिल्यापासून मोठी आहे ती. ताकदीची. दिसतंच.

आक्का : बाळ्या, अरे, ती हलतेय. पाठीवर उललीय बघ!

बाळ्या : निघाली? कुठून निघाली? डोकं आधी येतंय का?

आक्का : पाठीतून. आता डोकं. शी, बाई. डोळे आधी बाहेर आले.

नर्सबाई : थांबा, मलाही बघू दे. बाप रे. अंगात अडकलेला सदरा काढावा तशी. हात बघा, एकेक हात मोज्यातून काढतेय.

बाळ्या : मागचे पाय? मागचे पाय अडकले की संपलं. आक्के, मागचे पाय बघ.

आक्का : एक सुटला. दुसरा… ओढतेय. सुटला. आता नुसती शेपटाकडून लोंबतेय.

बाळ्या : बोलू नका. कोणी बोलू नका.

नर्सबाई : झालं काका. वर वळून स्वतःच्याच कातीला धरून बसलीय. मला घाम फुटला की हो. माणसांच्या बाळंतपणात एवढा फुटला नव्हता.

बाळ्या : झालं ना सरळ?

नर्सबाई : सरळ. आता माझं ऐका. पट्टी बांधून झाली. मला पुढची घरं आहेत. दुपारी परत येताना हॉस्पिटलची गाडी घेऊन येते. नाही म्हणालात तर जबरदस्ती करता येत नाही मला. पण मग उद्यापासून रेघा मारायला मी येणार नाही. लाली कुठवर चढली ते तुमचं तुम्ही बघा.

बाळ्या : मला दिसत नाही, हे माहीत आहे तुम्हाला.

नर्सबाई : म्हणूनच म्हणाले. येते, आक्का.

आक्का : या. सावकाश जा. …ऐकलंस ना?

बाळ्या : ऐकलं.

आक्का : मास्तरीण असती तर तिने कान धरून तुला गाडीत घातलं असतं.

बाळ्या : ती असती तर हे काम माझ्यावर आलंच नसतं.

आक्का : बाळ्या, मी काय सांगते, तू गेलास की या घरात मी एकटी. माझे सगळे गेले. माझ्या लहानपणाची साक्ष द्यायला तू एकटा उरलास. भट्टीपर्यंत कोण धावलं होतं, हे मी मग कुणाला विचारू? या किड्यांना?

बाळ्या : एवढं एक होऊ दे. मग मी येतो म्हणालोय ना.

आक्का : तोवर तू… अरे, हे काय?

बाळ्या : काय झालं? पडली?

आक्का : पडली नाही. पाठीवर काहीतरी सुटतंय. ओला रुमाल पिळून टाकावा तसं.

बाळ्या : कोंब असतील. पंखांचे कोंब या कातीला फुगतात. पंख पुढच्या कातीला.

आक्का : कोंब नाहीत रे. लांब होतायत. उलगडतायत. काचेसारखे आहेत, आरपार दिसतंय. पंखच आहेत हे.

बाळ्या : एक कात आधीच?

आक्का : मला काय विचारतोस?

बाळ्या : दिव्यामुळे! आक्के, दिव्याची ऊब आणि खाणं. एक कात वाचवली तिने! म्हणजे ती आजच वयात आली. महिना वाचला आपला. त्या जावयाला काढ पिंपामागून, आजपासून त्यालाही पोटभर. आणि नर्सबाईला सांग, फार नाही, थोडेच दिवस…

आक्का : बाळ्या, हे पंख पोटाच्या पुढे गेलेत.

बाळ्या : ओले आहेत म्हणून तसं वाटत असेल. एक काम कर. ती रिकामी कात काढ चिमट्याने. मास्तरीण कातीवरच मोजायची. जिवंत किड्याला त्रास नको म्हणून कात खिडकीच्या काचेला धरायची, उजेडात. पट्ट्या स्वच्छ दिसतात. मोज म्हणजे नर्सबाईच्या तोंडावर सांगता येईल.

आक्का : मी? त्या घाणीला हात?

बाळ्या : नुसतं साल आहे ते. कांद्याचं सोलतेस ना?

आक्का : कांद्याला डोळे नसतात. …हं. आली. काय पण हलकं आहे हे. हातात काही आहे असं वाटतच नाही.

बाळ्या : उजेडात धर. पोटाची बाजू आपल्याकडे.

आक्का : धरली.

बाळ्या : सहा ना?

आक्का : थांब, मोजू दे.

बाळ्या : एवढा काय वेळ लागतो सहा मोजायला?

आक्का : मागच्या पायांच्या खालून धरायचं ना?

बाळ्या : हो.

आक्का : तुझं भिंग कुठे आहे?

बाळ्या : भिंग लागत नाही. आक्के. किती?

आक्का : आठ.

बाळ्या : पायांच्या वरून मोजल्यास.

आक्का : नाही रे.

बाळ्या : परत मोज.

आक्का : तीनदा मोजल्या. म्हणून तर वेळ लागला.

बाळ्या : इकडे दे.

आक्का : मोडेल.

बाळ्या : दे म्हणतो ना. तू कधी आयुष्यात किडा हातात धरला नाहीस. इकडे दे, मी बोटाने मोजतो.

आक्का : घे. हळू. हळू रे… मोडली बघ.

बाळ्या : मोडली?

आक्का : चुरा झाला. तुझ्या पायाला कळत नाही, बोटांना तरी कसं कळेल?

बाळ्या : मिशा कशा आहेत? बरणीतल्याच्या.

आक्का : जाड. लांब.

बाळ्या : पोट?

आक्का : बारीक. सरळ काडी.

बाळ्या : एक कात कमी. म्हणजे वाचवली वगैरे काही नाही. त्याला तेवढ्याच असतात. नर आहे तो. बाईसाहेब नर आहे, आक्के.

आक्का : पण जाड होता म्हणालास ना लहानपणी?

बाळ्या : नुकताच खाल्लेला असेल त्या दिवशी. पोट फुगलेलं असेल. मी जाड दिसला म्हणून मादी म्हटलं, मादी म्हणून आणखी खायला घातलं, आणि खायला घातलं म्हणून मोठा झाला. मोठा झाला की मी म्हणायचो, बघा, मादीच.

आक्का : मास्तरीण तर म्हणायची, चार-पाच काती होईपर्यंत कुणाला बाई म्हणू नका, बुवा म्हणू नका.

बाळ्या : एकमेकांना खात होते. मला वाटलं, तोवर एकही राहणार नाही. …म्हणजे दोन्ही नरच. संपलं.

आक्का : थांब. खालची बरणी घेते.

बाळ्या : राहू दे.

आक्का : घेऊ दे. आता हात घातलाच आहे घाणीत. …वळ गं. वळ बाई. पोट दाखव. काय हे, पोट कसलं, दोरा आहे नुसता. हं. एक, दोन… बाळ्या.

बाळ्या : आठ.

आक्का : सहा.

बाळ्या : शेवटची?

आक्का : रुंद. वाटीसारखी, तू म्हणालास तशी.

बाळ्या : परत मोज.

आक्का : सहाच आहेत. आणि ही माझ्याकडे बघतेय. मान वळवून बघतेय रे.

बाळ्या : माशी शोधतेय. हात दिसला की तिला वाटतं, खायला आणलं.

आक्का : पिंपामागे आपण हिला ठेवलं.

बाळ्या : मी ठेवलं. जे तिला करायचं ते त्याला केलं, आणि जे त्याला करायचं ते तिला. मास्तरीण जितकी वर्षं हे करत होती, तितकी वर्षं मी शेजारी उभा राहून बरण्या पुसत होतो. आणि नेमकं उलटं केलं.

आक्का : मग आता सुलट कर. हिला दिव्याखाली ठेवू, त्याला पिंपामागे.

बाळ्या : वेळ गेली. त्याला आज पंख आले. नर पंख आल्यावर फार जगत नाही. हिला अजून तीन काती आहेत. अशी काडी झालेली, एकेक कात ओढायला तिला किती दिवस लागतील कोण जाणे. ती पोचेल तेव्हा तो नसेल.

आक्का : नक्की नसेल?

बाळ्या : गारव्यात ठेवला तर कदाचित थोडा लांबेल. कदाचित. तिला रोज माश्या मिळाल्या तर. रोज, आक्के, जेवढ्या खाईल तेवढ्या. गळ विकणाऱ्याकडे जायचं, अळ्या आणायच्या, डब्यात माश्या होऊ द्यायच्या, चिमट्याने एकेक धरायची. तुला अळ्या बघून ओकारी येते.

आक्का : ओकारी आली तर ओकेन. मग येऊन माशी धरीन. पण तू गाडीत बसायचं. मी तुझ्या किड्यांना हात लावते, तू त्या डॉक्टरला पायाला हात लावू दे. नाही तर ही बरणी मी आत्ता कुंपणावर नेऊन ठेवते.

बाळ्या : तू नाही ठेवणार.

आक्का : नाही ठेवणार. पण तू बस गाडीत. बाळ्या, बस रे.

नर्सबाई : आक्का! दुपार झाली, गाडी आणलीय बरं का. काय ठरलं?

बाळ्या : बाई, तुमच्या हॉस्पिटलात काय कापायचं ते आधी मोजून घेतात ना?

नर्सबाई : घेतात, काका.

बाळ्या : मग न्या.

(पुष्कळ दिवसांनी. हॉस्पिटलचा वॉर्ड, भेटीची वेळ. बाळ्या पडून आहे. पायाच्या जागी एका बाजूला चादर सपाट.)

बाळ्या : आक्का, तूच ना?

आक्का : मीच. दुसरं कोण येणार आहे? सरक जरा, बसते. जिने चढून जीव गेला.

बाळ्या : पुन्हा कापला, ते सांगितलं तुला?

आक्का : नर्सबाईंनी सांगितलं. मांडीपर्यंत.

बाळ्या : गंमत बघ. होता तेव्हा काही कळत नव्हतं. आता नाही, तर अंगठा दुखतो. रात्रभर.

आक्का : दाबून देऊ असं म्हणायचीही सोय ठेवली नाहीस.

बाळ्या : जखम काही भरत नाही म्हणतात. मला सांगत नाहीत, पण आपसात बोलतात. डोळे गेले म्हणून कान गेले असं वाटतं लोकांना. …घरी कसं आहे?

आक्का : घर आहे. फ्रेमा पुसल्या सगळ्या.

बाळ्या : तो?

आक्का : गेला.

बाळ्या : कधी?

आक्का : या आठवड्यात. आधी खाणं सोडलं. मग नुसता झाकणाला धडका द्यायचा. पिंपामागून आवाज यायचा, टक, टक. बरणी आणखी गार जागी हलवून पाहिली. एके दिवशी आवाज आला नाही. बघते तर तळाला आडवा.

बाळ्या : शोधत असतो तो. वास येतो त्याला मादीचा. तिला पंख आल्याशिवाय तो वास सुटत नाही. म्हणजे त्याला येत नव्हता. …आणि ती?

आक्का : तिने काल कात टाकली. मी बसले होते शेजारी, पंखा बंद करून. सरळ निघाली, दोन्ही मागचे पाय सुटले. पाठीवर कोंब चांगले फुगलेत. कात काचेला धरून मोजली. सहाच.

बाळ्या : म्हणजे अजून एक कात. एकच राहिली होती.

आक्का : एकच.

बाळ्या : थोडक्यात चुकलं.

आक्का : हो रे.

बाळ्या : आता ती वयात येईल आणि अंडी घालेल. नर नसला तरी घालते. काडीवर तसाच गोळा करेल, फेसाचा. पण रिकामा. त्यातून काही निघत नाही.

आक्का : हं.

बाळ्या : गळ विकणाऱ्याकडे जातेस अजून?

आक्का : जाते. ओळखायला लागलाय तो. विचारतो, आजी, एवढे मासे धरता तरी कुठे?

बाळ्या : आता जाऊ नकोस. तुला एवढी किळस येते, जिने चढवत नाहीत, तिथवर उन्हातून कशाला चालतेस? तिला वाढवून आता काहीच व्हायचं नाही. मास्तरणीचं जे होतं ते संपलं. मी संपवलं. मग कशासाठी खायला घालतेस तिला?

आक्का : तिला भूक लागते म्हणून.